पोटातील चौदा इंजेक्शने : एका भीतीचे शास्त्रीय मूळ

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे नागपूर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील एक गाव. सोयाबीन आणि तूर ही या परिसराची प्रमुख पिके. पहाटे शेताकडे निघालेला शेतकरी, रात्री राखणीला गेलेला सालदार, दप्तर घेऊन पायी शाळेत जाणारी मुले आणि गावच्या उकिरड्याभोवती फिरणारी मोकाट कुत्री हे दृश्य येथे जसे आहे, तसेच ते राज्यातील हजारो गावांतही आहे. अशा ठिकाणी कुत्र्याचा दंश ही काही नवलाची घटना नव्हे. नवल वाटावे ते पुढच्या वर्तनाचे. दंश झालेला मनुष्य दवाखान्यात जाण्याऐवजी जखमेवर हळद, चुना किंवा तिखट भरतो, कोणा जाणत्याकडून मंत्र घालून घेतो, आणि घरातील वडीलधारी माणसे सांगतात, “पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, त्याने माणूस पांगळा होतो.”

ही समजूत आज पूर्णपणे चुकीची आहे. परंतु ती निराधार कल्पनेतून जन्मली असे मात्र म्हणता येणार नाही. एके काळी चौदा इंजेक्शने खरोखरच होती, ती पोटातच दिली जात, आणि क्वचित एखाद्या रुग्णाचे पाय त्यानंतर खरोखरच लुळे पडत. तसे का होत असे, याचा शोध घेताना शास्त्रज्ञ मेंदूतील एका लहानशा प्रथिनापर्यंत येऊन पोहोचले. त्या शोधातून एक निर्धोक लस मिळाली आणि चेतासंस्थेच्या एका मोठ्या रोगसमूहाचे आकलनही झाले. म्हणून ही कथा लोकप्रतिनिधी, शिक्षक व ग्रामीण भागात काम करणारे अधिकारी या सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे.

चेतातंतूंचे कवच

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्यापासून शरीराच्या कानाकोपऱ्यापर्यंत चेतातंतूंचे जाळे पसरलेले असते. पायाला काटा टोचल्याची वार्ता मेंदूकडे नेणे आणि पाय उचलण्याची मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचविणे, ही दोन्ही कामे हे तंतू विद्युत्‌लहरींच्या रूपाने करतात. विजेच्या तारेवर जसे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे यांपैकी बऱ्याच तंतूंवर एक पांढरट, स्निग्ध वेष्टन असते. त्याला मायलिन म्हणतात. मराठी परिभाषेत त्यास वसावरण असेही नाव आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये मायलिन हे नाव रूढ केले.

मात्र तारेच्या वेष्टनाची उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. मायलिन हे तंतूवर सलग नसते. ठराविक अंतरावर ते खंडित झालेले असते आणि विद्युत्‌लहर एका खंडापासून दुसऱ्या खंडाकडे जणू उडी मारीत जाते. त्यामुळे तिचा वेग कमालीचा वाढतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने सरकतो, तर मायलिनयुक्त जाड तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावू शकतो. चालणे, लिहिणे, डोळ्यांची हालचाल, मूत्रविसर्जनावरील ताबा या साऱ्या क्रिया सुरळीत चालतात त्या या वेगाच्या जोरावर.

हे आवरण म्हणजे एका विशिष्ट पेशीचा पापुद्रा होय. तो तंतूभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळला जाऊन त्याचे अनेक थर तयार होतात. पाण्याचा अंश वगळला तर मायलिनमध्ये सुमारे सत्तर टक्के स्निग्ध पदार्थ आणि तीस टक्के प्रथिने असतात. या प्रथिनांपैकी एकाला मायलिन मूल प्रथिन असे म्हणता येईल. रसायनशास्त्रात आम्लाच्या उलट गुणधर्माच्या पदार्थाला ‘अल्कधर्मी’ म्हणतात. हे प्रथिन त्या गुणाचे असल्यामुळे त्यास हे नाव मिळाले. मेंदू व मेरुरज्जूतील मायलिनच्या एकूण प्रथिनांपैकी ते सुमारे तीस टक्के भरते. त्याच्यावर धन विद्युत्‌भार असतो, तर पापुद्र्याच्या आतील पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे हे प्रथिन दोन पृष्ठभागांना एकमेकांशी खळीप्रमाणे चिकटवून ठेवते. हे प्रथिन ज्यांच्या शरीरात जन्मतःच तयार होत नाही अशा उंदरांची एक जात प्रयोगशाळांत आढळली. तिच्या मेंदूत मायलिनचे थर नीट बसत नाहीत. ते उंदीर सतत थरथरतात आणि अल्पायुषी ठरतात. एका प्रथिनाच्या अभावाने केवढा अनर्थ होतो हे त्यावरून दिसते.

लसीत मेंदू कोठून आला?

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला अलर्क रोगावरील, म्हणजेच रेबीजवरील, पहिली लस टोचली आणि तो मुलगा वाचला. रेबीजचा विषाणू मुख्यतः चेतासंस्थेत वाढत असल्याने पाश्चर यांनी रोगी सशाचा मेरुरज्जू वाळवून त्यापासून लस तयार केली होती. विषाणू हवा, तर मेंदू किंवा मेरुरज्जू घेणे क्रमप्राप्त होते. त्या काळी दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता.

भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली. तेथे काम करीत असताना डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास लसनिर्मितीची एक सोपी पद्धत शोधली. रोगी प्राण्याच्या मेंदूचे मिश्रण करून त्यातील विषाणू फिनॉल या रसायनाने निर्जीव करावयाचा, अशी ती पद्धत होती. पुढे यासाठी मेंढीचा मेंदू वापरण्याची प्रथा पडली. ही लस स्वस्त होती, देशातच तयार होत होती आणि साठविण्यास त्या मानाने सोपी होती. कसौली, कुन्नूर, मुंबई अशा निरनिराळ्या ठिकाणच्या संस्थांमधून ती देशभर पोहोचली. तिने अगणित लोकांना मृत्यूच्या दाढेतून सोडविले, हे तिचे ऋण विसरता येणार नाही.

परंतु लसीचा गुण विषाणूत होता, आणि विषाणूच्या सोबतीने मेंदूचा अंशही शरीरात जात होता. पाच टक्के मिश्रणाच्या पाच मिलिलिटर मात्रेत पाव ग्रॅम मेंदू असतो. दहा दिवस अशी मात्रा घेतली तर अडीच ग्रॅम परका मेंदू माणसाच्या शरीरात जाई. द्रवाचे प्रमाण मोठे आणि दिवस अनेक, म्हणून पोटाच्या त्वचेखालील सैल जागा निवडली जाई. ‘पोटातील चौदा इंजेक्शने’ ही आठवण तेथूनच लोकांच्या मनात रुजली.

पाय लुळे का पडत?

लस सुरू केल्यापासून साधारणतः एक ते दोन आठवड्यांत काही मोजक्या व्यक्तींना ताप येई, डोके दुखे, पायांतील शक्ती जाई, लघवी अडे. काहींची शुद्ध हरपे. काही बरे होत, काही कायमचे अपंग होत, तर काही दगावत. याचे प्रमाण निरनिराळ्या देशांत काही शेकड्यांत एक ते काही हजारांत एक असे वेगवेगळे नोंदले गेले. पाश्चर यांच्या काळापासूनच अशा घटना वैद्यांना ठाऊक होत्या. प्रश्न एवढाच होता की दोष कोणाचा? लसीत एखादा जिवंत विषाणू शिल्लक राहतो काय? की खुद्द मेंदूचा अंशच घातक ठरतो?

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ आणि १९३५ मध्ये या प्रश्नाचा उलगडा केला. त्यांनी माकडांना रेबीजचा विषाणू मुळीच नसलेल्या, निरोगी सशाच्या मेंदूची इंजेक्शने वारंवार दिली. काही माकडांचे अवयव लुळे पडले. त्यांच्या मेंदूची तपासणी केली असता चेतातंतू बव्हंशी शाबूत होते, पण त्यांवरील मायलिन जागोजागी नष्ट झालेले होते. म्हणजे अपराधी विषाणू नव्हता. मेंदूचा ऊतकच होता.

याचा अर्थ असा. शरीराची संरक्षण यंत्रणा परक्या पदार्थाला ओळखते आणि त्याच्याविरुद्ध पांढऱ्या पेशी व प्रतिपिंडे उभी करते. लसीतील मेंढीचे मायलिन तिला परके वाटते व ती त्याच्यावर चालून जाते. परंतु मेंढीचे मायलिन मूल प्रथिन आणि माणसाचे तेच प्रथिन यांच्या रचनेत फार मोठे साम्य असते. त्यामुळे मेंढीच्या प्रथिनाविरुद्ध सज्ज झालेली सेना स्वतःच्याच मेंदूतील कवचावर हल्ला चढविते. शेताच्या राखणीसाठी ठेवलेल्या राखणदाराने अंधारात घरधन्यालाच चोर समजावे, तसा हा प्रकार. याला वैद्यक स्वयंप्रतिकार विकार म्हणते आणि मायलिन नष्ट होण्याला निर्मायलिनीकरण.

मेंदूतील असंख्य पदार्थांपैकी नेमका कोणता पदार्थ ही चूक घडवितो, याचा शोध पुढील तीन दशके चालला. एल्विन काबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये मेंदूच्या अंशात प्रतिकारशक्तीला चेतविणारे द्रव्य मिसळून प्राण्यांमध्ये हा विकार थोड्या इंजेक्शनांत निर्माण करण्याची रीत दाखविली. त्यामुळे प्रयोगांना गती आली. मेरियन कीस, एलिझाबेथ रोबोझ आइन्स्टाइन आदी संशोधकांच्या परिश्रमांतून विकार घडविणारे मायलिन मूल प्रथिन वेगळे झाले आणि १९७१ मध्ये त्याची अमिनो आम्लांची संपूर्ण साखळी जगापुढे आली. माणसातील या प्रथिनाच्या प्रमुख प्रकारात १७० अमिनो आम्ले असतात.

प्राण्यांतील पुरावा माणसालाही लागू पडतो काय, ही शंका उरली होती. थायलंडमधील थिरावत हेमाचुधा व सहकाऱ्यांनी सेंपल लसीनंतर चेतासंस्थेचा गंभीर त्रास झालेल्या रुग्णांचे रक्त व मेरुद्रव तपासले. त्यात मायलिन मूल प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यापाड्यांतील लोक जे अनुभवाने सांगत होते, त्याचे कारण अशा रीतीने प्रयोगशाळेत सापडले.

दोषाचे निवारण

कारण कळले की उपाय सुचतो. चिलीमधील शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस तयार केली. कारण नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूत मायलिन फारसे तयार झालेलेच नसते. त्रास कमी झाला, पण पूर्णपणे थांबला नाही. खरा मार्ग होता तो मेंदूच वगळण्याचा. रेबीजचा विषाणू काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर पोसता येऊ लागला आणि ऊतिसंवर्धित लसींचे युग सुरू झाले. इराणमध्ये १९७५-७६ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांनी व लांडग्यांनी चावा घेतलेल्या ४५ व्यक्तींना अशी लस देण्यात आली. त्या सर्वच्या सर्व वाचल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून मेंदूच्या ऊतकापासून बनविलेल्या लसी बंद करण्याची शिफारस केली. भारतात डिसेंबर २००४ नंतर सेंपल लसीचे उत्पादन व वापर थांबला. फेब्रुवारी २००६ मध्ये नवी लस त्वचेत अल्प प्रमाणात देण्याच्या पद्धतीस मान्यता मिळाली. या पद्धतीत लस कमी लागत असल्याने ती सार्वजनिक रुग्णालयांत अधिक लोकांना देता येऊ लागली.

म्हणून आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लसीत मेंदूचा अंश नसतो. मायलिन मूल प्रथिन नसल्यामुळे जुन्या लसीने होणारा तो विशिष्ट धोकाही नाहीसा झाला आहे. ही लस पोटात नव्हे, तर दंडात देतात. लहान बालकांना स्नायूत द्यावयाची झाल्यास ती मांडीच्या बाहेरील बाजूस देतात. त्वचेत द्यावयाची असल्यास पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी अल्प मात्रा देतात. स्नायूत द्यावयाची असल्यास या चार दिवसांबरोबर चौदाव्या दिवशीचीही मात्रा असते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ती देता येते.

लस घेण्यापूर्वी करावयाचे काम प्रत्येकाच्या हातचे आहे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, चुना, तेल, शेण वा झाडपाला लावू नये. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर लसीसोबत जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देणे आवश्यक असते. कारण लसीचा परिणाम होण्यास काही दिवस लागतात व तोवर विषाणूला जखमेतच अडवावे लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले अशा प्रकारचे एक औषध गेल्या दशकात उपलब्ध झाले आहे. एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली, म्हणजे पाणी पाहून घशाला आचके येऊ लागले, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून दंशाला दिवस उलटून गेले असले तरी लस घेण्याचे टाळू नये.

मायलिनचे इतर रोग

जुन्या लसीने शिकविलेला धडा अन्य रोगांनाही लागू पडला. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये वर्णिलेला मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग त्यांपैकी प्रमुख. यात मेंदू व मेरुरज्जूतील मायलिन ठिकठिकाणी नष्ट होते. कधी एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कधी पाय जड होतात, तोल जातो. काही आठवड्यांनी सुधारणा होते आणि पुन्हा झटका येतो. बहुधा तरुण वयात जडणारा हा रोग स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. यात मायलिन मूल प्रथिनाविरुद्धच्या पेशींचा सहभाग असावा असे मानले जाते. परंतु हे एकच प्रथिन सर्वस्वी जबाबदार आहे असे सिद्ध झालेले नाही. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एपस्टाइन-बार या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा या रोगाशी निकटचा संबंध दाखविला आहे.

या प्रथिनाच्या अभ्यासातून अनपेक्षितपणे एक औषधही मिळाले. इस्राएलमधील वाइझमान संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन व द्वोरा टाइटेलबाउम यांनी मायलिन मूल प्रथिनाची नक्कल करणारी कृत्रिम साखळी तयार केली. ती प्राण्यांत विकार निर्माण करील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिने विकार रोखला. हेच द्रव्य १९९६ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषध म्हणून मान्य झाले. या रोगाने पीडित व्यक्तींसाठी मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काम करीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत या रोगाचा समावेश आहे, ही गोष्ट पंचायतीच्या व समाजकल्याणाच्या कामाशी संबंधित असलेल्यांनी ध्यानात ठेवावी. चालताना तोल जाणाऱ्या तरुणाला व्यसनी ठरविण्यापूर्वी त्याची चेतारोगतज्ज्ञाकडून तपासणी होणे इष्ट.

गोवराने होणारा मेंदूदाह हेही असेच उदाहरण. गोवर झालेल्या सुमारे हजार रुग्णांत एकाला हा उपद्रव होतो, आणि अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशी मायलिन मूल प्रथिनाविरुद्ध चेतलेल्या असल्याचे १९८४ मध्ये दिसून आले. येथे रोग हाच धोका आणि लस हे त्याचे निवारण आहे. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला. या विकारात हात-पायांकडे जाणाऱ्या तंत्रिकांवर हल्ला होतो. कधी त्यांच्या मायलिनवर, कधी प्रत्यक्ष तंतूवर. लक्ष्य निराळे असले तरी जंतूशी लढता लढता स्वतःलाच घायाळ करण्याची चूक तीच. पाणी शुद्ध ठेवण्याचे पंचायतीचे काम चेतासंस्थेच्याही रक्षणाचे आहे, असा याचा अर्थ होतो.

गावाने काय करावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधील पाहणीवरून देशात दरवर्षी सुमारे ५,७०० मृत्यू रेबीजने होतात असा अंदाज काढण्यात आला आहे. प्राण्याने चावा घेतलेल्यांपैकी जवळजवळ पाचातील एकाने लस मुळीच घेतली नव्हती. कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय संकल्प आहे. तो केवळ दवाखान्यात लस ठेवून पुरा होणार नाही. लोकांनी तेथपर्यंत आले पाहिजे.

याकरिता शिक्षकांनी परिपाठाच्या वेळी मुलांना सांगावे की कुत्र्याने ओरखडले तरी घरी लपवू नये. अनेक मुले मार बसेल या भीतीने दंश लपवितात, आणि त्याचा परिणाम महिन्यांनंतर दिसतो. पंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गावातील कुत्र्यांना लस टोचून घ्यावी आणि उकिरड्यांची व्यवस्था लावावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी पहिली मात्रा घेतलेल्या व्यक्तीच्या पुढील तारखा लिहून ठेवून तिला आठवण द्यावी. कारण वेदना थांबली की उरलेल्या मात्रांसाठी रोजंदारी बुडविण्यास मन तयार होत नाही.

मुख्य म्हणजे, ज्या वडीलधाऱ्या माणसाला जुन्या लसीची भीती वाटते त्याला अडाणी म्हणून गप्प बसवू नये. त्याने जे पाहिले ते खरे होते. त्याला एवढेच समजावून सांगावे की त्या लसीत मेंढीचा मेंदू होता, आता तो नाही. जे प्रथिन पाय लुळे करीत होते ते कोणते, हे शास्त्राने शोधून काढले आणि लसीतून ते दूर केले. किन्हीराजासारख्या गावच्या चावडीवर एवढे बोलणे झाले आणि कुत्रा चावलेले एखादे मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोहोचले, तरी त्या दीर्घ संशोधनाचे सार्थक होईल.